सुखरामचा आवाज

आमच्या गावावरून दिवसभर विमान फिरते. मोठं नाही, उडवायला शिकणाऱ्या पोरांचं लहान विमान. बिरसीच्या विमानतळावरून उठते, गावाला गिरकी घालते, उतरते, पुन्हा उठते. पाहुणे आले की वर पाहतात. आम्ही पाहत नाही. त्या भुणभुणीसाठी भाड्याने खोली घेणारं माणूस जगात एकच असेल आणि ते नेमकं माझ्या घरी आलं.

बाई साठीच्या पुढची. केस पोरासारखे कापलेले, अंगात पुरुषी स्वेटर, स्वेटरच्या खिशांत सेल. दोन लोखंडी पेट्या आणि वायरींचा भारा घेऊन ऑटोतून उतरली आणि खोली न पाहताच स्लॅबवर गेली. विमान एक चक्कर मारून जाईपर्यंत तोंड उघडं ठेवून उभी राहिली. मग खाली येऊन माझ्या बुढीला, म्हणजे बायकोला, म्हणाली, "खोली घेतली."

"पाह्यली कोठी तुमी?" बुढी म्हणाली. "पंखा चालते का नाई ते तं पाहा."

"पंखा बंद असला तर बरा. विमानाशी भांडेल तो."

बुढीने माझ्याकडे पाहिलं. मी हाताने स्पष्ट सांगितलं, नको. बुढी तिला म्हणाली, "मालक हो म्हनतेत."

मी हाताने सांगतो, कारण तोंडाने सांगता येत नाही. बिडीने गळा खाल्ला. नागपूरच्या डॉक्टरने आवाजाची पेटीच काढून टाकली आणि श्वास घ्यायला गळ्याला समोर भोक ठेवलं. त्यावर मी दुपट्टा बांधतो. चवथी शिकलो, तेही अर्धवट. पण बोलणं गेलं तर लिहून तरी पाहावं म्हणून हे लिहून राहिलो. चुकलं तर चुकलं. कोणाला विचारून दुरुस्त करणार नाही.

आधी माझा आवाज काय होता ते सांगतो, दुसरं कोणी सांगणार नाही. शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, जोड्या पुकारायचं काम माझं. जोडी कोणाची, गाव कोणतं, बैलांची नावं काय, सारं एका दमात, माईक न घेता. पटाच्या त्या टोकाला उभा असलेला माणूस म्हणायचा, कानापाशी ओरडला बा. अशा माणसाला पोराने एक मशीन आणून दिली. टॉर्चएवढी. गळ्याला दाबून धरायची, बटण दाबायचं आणि तोंड हलवायचं. भुणभुण मशीनची, शब्द आपले. मी पहिला शब्द बुढीला बोललो. तिचं नावच घेतलं. सगळ्या जन्मात कधी घेतलं नव्हतं. ती हसली. मग पदर तोंडात कोंबून आत गेली, पण आधी हसली. मी मशीन कपाटात लुगड्यांच्या खाली टाकली आणि चाबी करगोट्याला बांधली.

बाईचं उलट. गळा धडधाकट आणि त्याला मशीन लावायची हौस. माईकमध्ये "आऽ" म्हणायची, पायाने एक खटका दाबायची, की तो "आऽ" पेटीतून पुन्हा पुन्हा निघायचा. त्यावर दुसरा चढवायची, मग तिसरा. मग पेटीची बटणं फिरवायची, तर त्या "आऽ"ची कधी मोटरपंपाची घरघर व्हायची, कधी म्हशींचं टोळकं, कधी लोखंडी पत्रा वाऱ्यात. गाणं नाही, भजन नाही, शब्द तर नाहीच. पहिल्या आठवड्यात समोरच्या घरची म्हातारी काठी टेकत आली. "तुमच्या इथी कोन आजारी हाये?" बुढी म्हणाली, "भाडेकरीन गाऊन राह्यली." म्हातारी बराच वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "दवाखान्यात न्या तिले."

शरमेने मी ओसरीवर बसणं सोडलं. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण आधी वर पाहायचा, मग माझ्याकडे.

सकाळी ती उगवतीकडे तोंड करून जीभ हनुवटीपर्यंत बाहेर काढून उभी राहायची. कोणी पाहिलं तर जीभ आत घ्यायची नाही, तशीच मान हलवून नमस्कार करायची. वस्तूंना हात लावून पाहायची सवय होती. आमच्या फ्रिजला, पंपाला, उभ्या ट्रॅक्टरच्या बोनेटला, गाईच्या पोटाला. हात ठेवायची, डोळे मिटायची आणि हळूच तोच आवाज गळ्यातून काढायची. गाईला ते आवडायचं. एकदा जवळच्या गोरेगावच्या बाजारात भाजी आणायला गेली ती संध्याकाळी रिकामी थैली घेऊन आली. दिवसभर धानाच्या गिरणीपाशी उभी होती म्हणे. अंगभर कोंडा.

"भाजी कोठी?" बुढीने विचारलं.

"विसरले. पण गिरणी आणली," म्हणाली, आणि आंगणात उभी राहून तोंडाने गिरणी काढली. पट्टा सुटतो तो फटका सुद्धा.

माझ्याशी लोक एक तर मोठ्याने बोलतात, जसा मी बहिराच, नाही तर बोलतच नाहीत. ही बाई बोलायची, आणि माझ्या उत्तराला जितका वेळ लागला असता तितका वेळ थांबायची. मग उत्तर मिळालं असं धरून पुढे बोलायची. कधी कधी मी मनात म्हटलेल्यालाच तिचं उत्तर यायचं. कधी भलतंच यायचं. "मालक, दुपट्टा सैल बांधा," एकदा म्हणाली. "गळा झाकला की गळा लाजायला शिकतो." मी दुपट्टा आणखी आवळला. ती थांबली, आणि म्हणाली, "बरं, तुमचा गळा."

आता भोंग्याचं सांगतो. खरी लाज तिथे आहे.

आमच्याकडे धान निसवला की जंगलातून रानडुकरं उतरतात. पूर्वी माचीवर बसून ओरडावं लागायचं. आता बाजारात सेलवर चालणारा भोंगा मिळतो. त्याचं लाल बटण दाबून आपण ओरडायचं, तो ओरडा त्यात भरला जातो, मग बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, खांबाला टांगून द्यायचा. तो तेवढंच ओरडत राहतो. दुसरं भरलं की पहिलं पुसून जाते. ऑपरेशनच्या आधी मी माझा भोंगा भरला होता. "हाऽऽट! हाट रे भाड्याहो! कोन होय रे तिकडं? हाऽऽट!" त्यामागे माझा बिडीचा खोकला. आणि खोकल्यामागे, दुरून, बुढी: "जेवाले चाला ना जी!" बोट उचलेपर्यंत तेही भरलं गेलं होतं.

माझा आवाज जगात तेवढाच उरला. पटात एवढी वर्षं पुकारलं, ते कोणी भरून ठेवलं नाही. डुकरांना दिलेली शिवी तेवढी राहिली. पण "हाऽऽट" जो होता तो पटातलाच होता, छातीतून उठलेला. म्हणून मी तो भोंगा धान कापल्यावरही उतरवला नाही. दिवस मावळायला बांधीवर जायचो, सेल बदलायचो आणि धुऱ्याच्या उंचवट्याआड बसून ऐकायचो.

आमच्या शेजारच्या बांधीचा सुखराम. माझ्यापेक्षा लहान, जिभेने लंबा. उन्हाळ्यात एकदा धुऱ्यावरून म्हणाला, "भाऊ, बांधीत धान नाई, डुक्कर नाई, कोनाले हाकलून राह्यले?" मी हाताने इशारा केला, चोर. तो म्हणाला, "ढेकलं चोरते का कोनी?" कान तापले माझे. म्हाताऱ्याने स्वतःचाच आवाज चोरून ऐकावा, ही काही सांगायची गोष्ट आहे?

बाईला तो आवाज पहिल्याच आठवड्यात स्लॅबवरून ऐकू आला. दुसऱ्या दिवशी ती चिखल तुडवत बांधीत गेली आणि भोंग्याखाली मांडी घालून बसली. मी धुऱ्याआड. भोंगा ओरडला, खोकला, बुढीने जेवायला बोलावलं. मधे जी रिकामी जागा येते तिथे बाईने गळ्यातून काहीतरी बारीक काढलं. पुन्हा भोंगा, पुन्हा बाई. मी बसल्या जागी लाकूड झालो होतो. मग मागे न पाहताच ती म्हणाली, "मालक, बाहेर या. चिखलात बसू नका."

मी बाहेर आलो.

"हा तुमचा."

मी मान हलवली, नाही. हात लांब करून सुखरामची बांधी दाखवली.

ती थांबली. भोंगा खोकला. "बरं," म्हणाली, "सुखरामचा. फार मोठा आवाज आहे सुखरामचा. मी पेटीत भरून घेऊ का? विचारते, कारण न विचारता घेत नसते मी."

मी दोन्ही हातांनी नाही म्हटलं. तिने घेतला नाही. पण त्या दिवसापासून रोज बुढीसमोर चहा पिताना विचारायची, "आज सुखरामचा आवाज कसा आहे?" बुढीला सारं समजत होतं. मला वाटे तिला समजत नाही.

गावाने बाईच्या पेट्यांचा अर्थ आपल्या परीने लावला. लाल बटण दाबलं की आवाज भरला जातो आणि परत परत निघतो, हे यंत्र आमच्या शिवारात कोणाला नवं होतं? लोकांनी ठरवलं, हा डुकरं हाकलायचाच भोंगा, शहरातला, मोठा. सुखराम स्लॅबवर चढला.

"बाई, तुमचा हा भोंगा किती एकराले पुरते?"

दुसरी कोणी हसली असती. ही बाई हसली नाही. तिने विचारलं, डुकरं कोणत्या बाजूने येतात, पिल्लं सोबत असतात का, आधी मादी येते की नर. सुखराम हरखून सांगत गेला. दोन दिवसांनी तिने त्याचा भोंगा भरून दिला. त्यात आधी काहीच नव्हतं, मग जड श्वास, मग दाताने हाड फोडल्यासारखं, आणि मग एकदम बाळ हसल्यासारखं.

"लागला का गुन?" बुढीने सुखरामला विचारलं.

"डुक्कर येते काकू, पन खात नाई. उभं राह्यते आन जाते."

मग काय, अर्धं गाव भोंगे घेऊन आलं. तिने प्रत्येकाला वेगळा भरून दिला, पैसा घेतला नाही, भाजी घेतली. त्या हंगामात दिवस मावळला की शिवारभर बाईच. या बांधीत श्वास, त्या बांधीत लोखंड, पलीकडे पाण्याची गुळगुळ, आणि साऱ्यांच्या मधे माझी शिवी आणि खोकला. बाई स्लॅबवर काठाला उभी राहून ऐकायची, जणू लेकीच्या लग्नाची वरात दारी आली. "मालक, असा कार्यक्रम मला कुठल्याच शहरात मिळाला नाही." माझे व्याही आले होते. ते हळूच म्हणाले, "तुमच्या शिवारात काई बाहेरचं हाये का?" मी ताटावरून मान वर केली नाही.

डुकरांची एक गोष्ट आहे. त्यांना आवाजाची सवय होते. काही दिवस भितात, मग समजून जातात की हा नुसताच बोलतो. म्हणून लोक आवाज बदलत राहतात. मी बदलला नव्हता.

"बांधीचा कोपरा खाल्ला डुकराईनं," बुढी म्हणाली. "बाईकून भरून घ्या."

मी ऐकलं नाही.

"धान जाऊन राह्यलं तुमच्या खोकल्यापायी!"

मी पाण्याचा लोटा आपटला. बाई पायऱ्यांवर बसली होती, तिने वाटेतून पाय आवरले. मी एकटाच बांधीवर गेलो. भारी, उशिराचा धान उभा होता, दाणा भरलेला. भोंग्याच्या खांबापाशी एक मादी होती, मागे पिल्लं. ती खांबाला अंग घासत होती. वर माझा आवाज, ज्या आवाजाने उधळलेली जोडी जागेवर थांबायची तो आवाज, तिला भाड्या म्हणत होता, आणि ती खाली आरामात ओंब्या चावत होती. एक पिल्लू तर खोकल्याच्या वेळी खांबाला टेकून झोपलेलं दिसलं. मी टाळ्या वाजवल्या तेव्हा सारी हलली, तीही सावकाश.

इतकी शरम मला गळ्याच्या भोकाचीही वाटली नव्हती.

त्याच आठवड्यात आमची मंडई, दिवाळीनंतरची गावची जत्रा. रात्रीच्या दंडारीच्या नाचगाण्याआधी, दुपारी, बाईला अर्धा तास द्यायचा असं मंडळाने ठरवलं, भोंग्यांच्या उपकारापोटी. तिचा मालक म्हणून मला पुढच्या खुर्चीवर बसवलं. बाई पेट्या मांडून उभी राहिली, स्वेटर तोच. सुरू झाली आणि माईकवाला धावत स्टेजवर आला. त्याला वाटलं सेट बिघडला. वायर बदलली, "हॅलो हॅलो, माईक टेस्टिंग" म्हणाला. बाईने तेच पकडून पेटीत टाकलं आणि पेटी "हॅलो हॅलो" म्हणत राहिली. लोक फिस्सकन हसले. मागून कोणी ओरडलं, "बाई, डुक्कर नाई होय आमी!" शिट्ट्या झाल्या. तिने शिट्ट्याही पेटीत घेतल्या. मी खुर्चीत पायांकडे पाहत बसलो. उठून जावं तर साऱ्यांच्या नजरा.

मग तिने स्वेटरच्या खिशातून ती काढली. माझी मशीन.

कपाटाची दुसरी चाबी बुढीकडे होती हे मी विसरून गेलो होतो.

बाईने मशीन स्वतःच्या गळ्याला लावली आणि तोंड उघडलं. ती भुणभुण निघाली, तीच, जिच्यावर बुढी हसली होती. मशीन गालावर नेली, हनुवटीखाली नेली, तोंड लहान-मोठं केलं. आवाज एकच, पण त्याचं पोट फुगत होतं, आटत होतं. मी दुपट्ट्यावर हात ठेवला. मला वाटलं आता सारे वळतील, आता हसतील, आता कोणी माझं नाव घेईल. ती मशीन कोणाची, हे तिथे आम्ही तिघं सोडून कोणाला माहीत नव्हतं, तरी वाटलं.

कोणी हसलं नाही. मी मान वर केली तर सारी मंडई आभाळात पाहत होती. खेळण्यांवाला, जिलेबीवाला, बाया, सारे. विमान शोधत होते.

वर विमान नव्हतं.

घरी आल्यावर मी बुढीशी भांडलो. हाताने भांडता येते तेवढं भांडलो. ती म्हणाली, "मी देल्ली. काऊन नाई देऊ? लुगड्याखाली सडून राह्यली होती." बाई वरून आली, मशीन पुसून माझ्यासमोर ठेवली. नवे सेल घातले होते. "मालक, याला सूर एकच आहे, पण पक्का आहे," म्हणाली. माफी मागितली नाही. मी दार दाखवलं, खोली खाली करा. बुढी तिला म्हणाली, "मालक म्हनतेत, कापनी होईस्तोर राहा."

मी तीन माणसांच्या घरात कोणाकडेच न पाहता जेवलो, बरेच दिवस.

धान मात्र रोज कमी होत होता. एका संध्याकाळी मी मशीन खिशात टाकून बांधीवर गेलो. भोंगा उतरवला. आवाज तसाच बोलू दिला. माझा "हाऽऽट" छातीतून उठला, उतरला. खोकला आला. बुढीने जेवायला बोलावलं. मी आणखी एकदा ऐकलं, आणि आणखी एकदा. बाईला पेटीत भरू दिला असता तर, हेही मनात आलं. मग माझं मलाच वाटलं, डुकरं ज्याला टेकून झोपतात तो आवाज जपून कोणाला दाखवू?

एका हाताने मशीन गळ्याला लावली, दुसऱ्या हाताने लाल बटण दाबलं.

मशीनवर ह निघत नाही, त्याला गळ्यातला वारा लागते. माझ्या तोंडून निघालं, "आऽऽट! आट रे!" शिवी दिली नाही. शिवी देण्याइतका धीर नव्हता. उघड्या शिवारात ती भुणभुण गेली तसा मी मान खाली घालून उभा राहिलो, जणू कपडे काढले. आणि मागून, धुऱ्यावरून, बुढी: "जेवाले चाला ना जी!"

माझं बोट अजून बटणावर होतं.

भोंगा लावला. "आऽऽट! आट रे!" आणि बुढी. धानात खसखस झाली आणि डुकरं जंगलाकडे सरळ पळाली, पिल्लांसकट. पलीकडून सुखराम ओरडला, "भाऊ, बांधीत विमान उतरलं का?" बुढी हसली. या वेळी तिने पदर तोंडात घातला नाही, आणि मी मशीन लपवली नाही.

बाई कापणीनंतर गेली. कुठे, ते नीट सांगितलं नाही. एक मोठी गिरणी आहे म्हणाली, रात्रंदिवस चालणारी. जाताना तिने फ्रिजवर हात ठेवला, गाईच्या पोटावर ठेवला, आणि माझ्यासमोर उभी राहून थांबली, माझ्या उत्तराला लागेल तेवढा वेळ. मी काही बोललो नाही. मशीन खिशात होती. आंगणात शेजारच्या बाया होत्या.

डुकरांना माझ्या मशीनचीही सवय झाली. या वर्षी तिसऱ्यांदा भरून राहिलो. दर वेळी वेगळं काही म्हणावं लागते, दर वेळी तितकीच लाज वाटते. मागच्या वेळी पटातली एक जोडी पुकारली, मालकाच्या नावागावासकट. ते बैलही मेले आणि मालकही.

परवा बुढीच्या मोबाइलवर बाईचा फोन आला. बुढी ओसरीवर भाजी निवडत होती, सोबत त्याच शेजारच्या बाया. तिने फोन मोठ्या आवाजावर टाकला. मागे गिरणी चालल्यासारखं काही ऐकू येत होतं.

"सुखराम आहे का घरी?" बाईने विचारलं.

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. बुढीने माझ्याकडे फोन धरला, "मालक म्हनतेत" म्हणाली नाही. फोनमध्ये बाई थांबली होती.

मी दुपट्टा सैल केला, मशीन लावली. कान तापले.

"बोलून राहिलो," मी म्हणालो.